बोडक्या टेकडीचा मुरूम आणि पलीकडच्या गावची विहीर

उन्हाळा लागला की एक मजकूर गावोगाव फिरतो: ‘गावामागची बोडकी टेकडी काय कामाची? पाणी वाहून जातं, गवताशिवाय काही उगवत नाही. मुरूम काढा, सपाट करा, गावाला पैसा मिळेल.’

‘पाणी वाहून जातं.’ काही वाहतं, सगळं नाही. दख्खनच्या टेकड्या बेसॉल्टच्या थरांच्या. सलग काळ्या पाषाणात पाणी शिरतं ते फक्त भेगांतून. पण वरचा झिजलेला खडक, म्हणजे हाच मुरूम, पाणी धरतो आणि सावकाश सोडतो. पावसाळा सरल्यावरही उतारावर कुठेतरी ओल दिसते, ती त्यामुळेच. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. १० हेक्टरच्या टेकडीवर ५०० मिलिमीटर पडला, तर ५ कोटी लिटर. त्याचा दहावा हिस्सा जरी मुरला, तरी ५० लाख.

आणि हे मुरलेलं पाणी गावाची शीव ओळखत नाही. वरून वाहणारं पाणी उताराने जातं, आतलं पाणी भेगांनी आणि थरांच्या कलाने. टेकडी अलीकडच्या शिवारात, पाझर पलीकडच्या गावच्या विहिरीला, असं सहज होऊ शकतं. मुरूम काढायचा ठराव मात्र एकच ग्रामसभा करते! पलीकडच्यांना कळतं ते विहीर लवकर आटायला लागल्यावर.

‘गवताशिवाय काही उगवत नाही.’ मग गवत फुकट आहे का? पवन्या, मारवेल या गवतांवर गुरं-मेंढरं जगतात. धाविक, चंडोल या पक्ष्यांना उघडं माळरानच लागतं. बोडकी दिसते म्हणून तिथे सरसकट गिरिपुष्प हे परदेशी झाड लावणारेही याच गैरसमजाचे सख्खे भाऊ.

‘गावाला पैसा मिळेल.’ मुरूम गौण खनिज आहे. परवानगी घेऊन शासनाकडे स्वामित्वधन (रॉयल्टी) भरावं लागतं. जमीन गायरान असेल तर प्रकरण आणखी अवघड: गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा आणि त्या गावाच्या सामायिक वापरासाठीच ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच राज्यांना बजावलं आहे.

रस्त्याला मुरूम लागतो, हे मान्य. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गासाठी तो तलाव आणि नाल्यांच्या खोलीकरणातून काढला. ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणतात तो हाच. रस्ता झाला आणि तलावात पाण्याला जागाही वाढली. त्यासाठी टेकडी कापावी लागली नाही.