जो मागे, त्याचे पोहे

वेताळ टेकडीवर मी वर्षानुवर्षं पळतोय. मुरूम, घसारा, पावसाळ्यात शेवाळलेले खडक, सगळं तुडवून झालं, पायाला काही झालं नाही. पाय मुरगळला तो घराच्या कोपऱ्यावर, फुटपाथच्या उचकटलेल्या ब्लॉकवर, आणि तोही दूध आणायला जाताना. डोंगरात पडलं तर निदान सांगायला किस्सा मिळतो. माझ्या हाती राहिली फुटलेली पिशवी.

डॉक्टर म्हणाले, घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट थोडं फाटलंय. मग घरच्यांची शर्यत सुरू झाली. आईने आंबेहळदीचा लेप लावला, शेजारच्या काकूंनी रक्तचंदन उगाळून आणलं, सासूबाई एरंडाचं पान बांधून गेल्या. हळद चढलेल्या नवरदेवासारखा पिवळाधमक घोटा घेऊन मी सोफ्यावर बसून होतो आणि येणारा-जाणारा ‘आता वय झालं, जरा दमानं घ्या’ असा आहेर करून जात होता.

फिजिओथेरपिस्ट ही माझ्या मुलीहून जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठी. पहिल्याच दिवशी म्हणाली, “काका, दुखऱ्या पायावर उभे राहा. एकाच.” पाय कुठल्या कोनात पडलाय ही खबर घोट्यातून सतत मेंदूकडे जात असते म्हणे. लिगामेंट दुखावलं की ती खबर उशिरा पोचते, आणि म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हापुन्हा मुरगळतो. ती यंत्रणा जागी करायची तर एका पायावर उभं राहायचं, आणि ते जमलं की डोळे मिटून. डोळे उघडे असताना मी बरा होतो. मिटले की सरळ वॉशिंग मशीनच्या गळ्यात पडायचो. रोज सकाळी तोंडात ब्रश धरून चाललेलं हे बकध्यान बघून मुलगी म्हणाली, “बाबा, विठोबासुद्धा दोन पायांवर उभा आहे.”

डिसेंबरात परवानगी मिळाली: पळा, पण बेतानं. पुण्यात पळायचं तर हेच दिवस. आमचा गट पाषाणच्या बाजूने अंधारातच चढायला लागतो. तिथे पायथ्याशी दात वाजतात आणि वर जावं तसं उबदार वाटायला लागतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा जड होऊन खाली सखल भागात साचते, म्हणून थंडीत माथा उबदार आणि पायथा गारठलेला. हे ठाऊक असूनही आमचा कर्नल दरवर्षी तीन थर चढवून येतो आणि देवळापर्यंत पोचता पोचता निम्मे कपडे कमरेला बांधतो. (कर्नलचा लष्कराशी संबंध इतकाच, की त्याचं घर कॅम्पात आहे.)

आमच्या गटाचा एकच कायदा आहे: जो मागे, त्याचे पोहे. शेवटी पोचणाऱ्याने सगळ्यांच्या नाश्त्याचे पैसे भरायचे. सबबी चालत नाहीत. पोट बिघडून वाटेत झाडीत गेलेल्यानेही भरले आहेत. मला मात्र या कायद्यातून सूट मिळाली. “तू काही बोलू नकोस, तू नुसता ये,” असं मॅडम म्हणाल्या. मॅडम आमच्यात सगळ्यात वेगवान आणि जिभेने त्याहून. त्या इतक्या गोड बोलल्या तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

गोळा खरा ठरला. कर्नल माझ्या पुढे, मॅडम मागे, मध्ये मी, आणि दोघांच्या टॉर्चचा उजेड माझ्या पायावर. “दगड!” कर्नल ओरडायचा. “मुरूम! परत दगड!” अहो, टेकडीच दगडाची आहे. म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंत अखंड जप. उतारावर पावलं आखूड टाकायची आणि नजर स्वतःच्या पायांवर न ठेवता चार पावलं पुढे ठेवायची, ही या खेळातली बाराखडी. पण पायावर असा प्रकाशझोत असला की नजर आपसूक तिथेच जाते. शेवटी मी अडखळलो, आणि तेही “जपून!” या आरोळीने दचकून.

वर पोचल्यावर कुसळं. थंडीत टेकडीवरचं गवत वाळून पिवळं पडतं आणि मोज्यांची चाळण होते. एकदा एक कुसळ उपटून नीट बघा. टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेली बारीक लव, म्हणजे आत शिरलं की माघार नाही, आणि मागे काळपट शेपटी. तळहातावर ठेवून थेंबभर पाणी सोडलं की ती पीळ पडलेली शेपटी हळूहळू उलगडत फिरायला लागते. जमिनीत बी रुजवण्याची ही गवताची युक्ती, पण घामेजलेला मोजाही तिला चालतो. आम्ही कातळावर बसून कुसळं वेचत शहराची निंदा करतो, हा कार्यक्रमाचा सगळ्यात रंगतदार भाग. तर मी बूट काढतोय तोच मॅडम माझ्या पायाशी बसल्या. “तू वाकू नकोस.” दुखापत घोट्याला झाली होती हो, कमरेला नाही!

पण खोटं कशाला बोलू, मजाही येत होती. झुंजूमुंजू होताना दरीतून मोर ओरडायचे. गिरिपुष्पाची पानं झडून पायवाटेवर चुरचुरत होती. खाली शहर धुरकट दुलईत घोरत पडलेलं. एकदा पठारावर बरंच पळून झाल्यावर लक्षात आलं, की आपण घोट्याचा विचारच केलेला नाही. लक्षात आलं आणि लगेच विचार सुरू झाला, ते सोडा.

जानेवारीतल्या एका रविवारी उतरताना कर्नलने सोसायटीच्या पार्किंगचा विषय काढला. मॅडम तावातावाने त्यात पडल्या. “दगड” कुणीच म्हणेना. मी “अरे, थांबा!” म्हणून हाक मारली, तर कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. पार्किंगवरून भांडत दोघं वळणापलीकडे दिसेनासे झाले.

मी टपरीवर पोचलो तेव्हा रिकाम्या बशांचा ढीग लागला होता. कर्नलने बिलाची चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. पोहे, साबुदाणा वडा, पुन्हा पोहे, चहाच चहा.

“अरे, पण माझा घोटा...”

“कुठला घोटा?” कर्नल म्हणाला, आणि टपरीवाल्याकडे वळून त्याने घरी न्यायला दोन शिरा पार्सल सांगितले. माझ्याच नावावर.