तीस फॉर्म, एक पी आणि ‘प्रकल्प पक्का’

‘मानसशास्त्राचा प्रकल्प आठ दिवसांत’ हा मेसेज सोलापुरातल्या एम. ए.च्या मुलांत फिरतोय. परवा भाचीच्या फोनवर येऊन पडला आणि तिने त्यावर आराखडाही बेतला. म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेजातली सूत्रं अशी: ३० जणांचा नमुना पुरतो. गूगल फॉर्म ग्रुपवर टाकला की नमुना यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखा. पी (आकडेमोडीतून निघणारी पी-व्हॅल्यू) ०.०५ च्या खाली आला की गृहीतक ९५ टक्के खरं. नाही आला तर दुसरं चल, म्हणजे मोजायची दुसरी गोष्ट, लावून बघा. अल्फा (चाचणीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.७ आला की चाचणी सप्रमाण, म्हणजे जे मोजायचं तेच मोजणारी. नाव विचारलं नाही तर संमतीपत्र नको.

आधी पी, कारण बाकीचा सगळा घोळ त्याच्याच जोरावर चालतो. दोन गटांत मुळात फरक नसेल, तर हाती आलेला किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसायची शक्यता किती, एवढंच पी सांगतो. तुमचं गृहीतक किती टक्के खरं, हे त्यात कुठेच नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ साली यावर निवेदन काढावं लागलं. त्यातल्या सहा तत्त्वांपैकी दुसरं नेमकं हेच आहे. मार्गदर्शकांशी वाद झाला तर ते पान पुढे करा.

आकडेच मांडू. समजा १०० गृहीतकं तपासली, त्यातली १० खरी. १५-१५ जणांचे दोन गट, फरक मध्यम, म्हणजे कोहेनच्या मापात (फरक किती मोठा ते सांगणाऱ्या) ०.५. एवढ्याशा नमुन्यात असा खरा फरक पकडला जायची शक्यता साधारण २६ टक्के. दहातली दोन-तीन हाती लागतील. उरलेल्या ९० खोट्यांपैकी ५ टक्के, म्हणजे चार-पाच, ०.०५ च्या खाली येणारच. ‘सिद्ध’ झालेल्या सातात खोटीच जास्त निघाली, आणि मेसेज ९५ टक्क्यांची हमी देतोय!

हाच फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. जीपॉवर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. अपेक्षित फरक, ०.०५ आणि ०.८० भरा, आकडा मिळतो. ३० चा ठोकताळा पुस्तकात आहे, हे मान्य करावं लागेल. पण तो नमुन्यांच्या सरासऱ्यांचं वितरण प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराच्या, वक्राजवळ जाण्याबद्दल आहे. तुमचा फरक सापडेल की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

‘दुसरं चल लावून बघा’ ही तर सरळ लबाडीची शिकवणी. एकमेकांशी संबंध नसलेली २० चलं लावली, तर कशातच काही नसताना निदान एक ०.०५ च्या खाली यायची शक्यता ६४ टक्के. गृहीतक माहिती गोळा करण्यापूर्वी तारखेसह लिहून मार्गदर्शकांकडे द्या, आणि जे जे तपासलं ते सगळं अहवालात येऊ द्या.

आता फॉर्म. विषय ‘विडी कामगार महिलांतील ताण’ आणि फॉर्म कॉलेजच्या ग्रुपवर! विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईपर्यंत तो पोचणार कसा? पोचला तरी प्रश्न मराठीत, आणि तिच्या घरात तेलुगू. भाषांतर करायचं तर एकाने तेलुगूत करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मराठीत आणावं, दोन्ही मराठी पाठ ताडून बघावेत, मग दहा-पंधरा जणींवर चाचपणी. यादृच्छिक नमुन्याला आधी यादी लागते. वर्गात ४०० मुलं असतील तर १ ते ४०० क्रमांक द्या, एक्सेलने १२८ (६४ चे दोन गट) काढा. निवडलेला मुलगा भेटला नाही तर पुन्हा जा. त्याच्या जागी मित्राला बसवू नका. यादीच नसेल तर ‘सोयीचा नमुना’ असं लिहून मोकळे व्हा. त्यात कमीपणा नाही.

अल्फाचं थोडक्यात. ‘झोप लागते का’ हेच वीस तऱ्हांनी विचारलं तरी अल्फा उत्तम येईल; ताण मोजला असं होत नाही. अल्फा भलताच कमी किंवा उणे आला, तर उलटी विधानं (‘मी शांत असतो’ अशी, ज्यांना होकार म्हणजे ताण कमी) उलटवायची राहिली आहेत का ते आधी बघा. पाच पर्यायांच्या मापनात ६ वजा उत्तर.

सगळ्यात घातक सूत्र संमतीपत्राचं. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं १८ च्या आतली. प्राचार्यांची परवानगी असली तरी पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या मापनीचा नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. निनावी फॉर्मवर कुणी ‘जवळपास रोज’ ही खूण केली, तर त्या मुलाला शोधणार कुठे? म्हणून अशी मापनी समोरासमोर भरून घ्या, समुपदेशक कोण ते आधी ठरवा, नववं उत्तर कागद हातात पडताच वाचा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकाकडे राहणाऱ्या माहितीपत्रकावर छापा. एवढी तयारी होत नसेल तर नैराश्याचा विषय सोडा, अभ्यासाच्या सवयींवर प्रकल्प करा.