पंचेचाळिशीनंतरची बेरोजगारी : एका वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार.

नाशिकच्या सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींमधील पंचेचाळिशी ओलांडलेल्या, काम सुटलेल्या कामगारांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशातील १५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता, १५ ते २९ वयोगटात तो १०.२ टक्के होता, आणि प्रौढांमध्ये तो फारच कमी आहे. म्हणजे खरा प्रश्न तरुणांचा आहे. पन्नाशीतल्या माणसाला काम मिळत नसेल, तर त्याने नवे तंत्र शिकून घेतले नाही, हेच त्याचे कारण. आपण स्वतः अंबडला वर्कशॉप चालवता आणि व्हीएमसी (धातू कापणारे संगणक-नियंत्रित यंत्र) ऑपरेटरच्या दोन जागा कित्येक महिने रिकाम्या आहेत, हेही आपण लिहिले आहे.

आधी माझी चूक मान्य करतो. बेरोजगारी प्रौढांमध्ये सर्वाधिक आहे, असे एक विधान माझ्या लेखात होते. ते चुकीचे होते आणि मी ते काढून टाकले आहे. आपण दिलेले आकडेही बरोबर आहेत. मतभेद आहे तो त्या आकड्यांवरून आपण काढलेल्या निष्कर्षाशी.

बेरोजगारीचा दर किती आणि एकदा काम सुटल्यावर माणूस किती काळ रिकामा राहतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. समजा, शंभर तरुणांपैकी दहा जण वर्षात तीन-तीन महिने बेकार राहिले आणि शंभर प्रौढांपैकी दोघेच, पण पूर्ण वर्षभर बेकार राहिले. कोणत्याही एका दिवशी मोजणी केली तर तरुणांमध्ये सरासरी अडीच आणि प्रौढांमध्ये दोन बेकार सापडतील. दर जवळजवळ सारखा दिसेल. पण त्या दोन प्रौढांच्या घरात वर्षभर पगार आलेला नसेल. अमेरिकेतही वयस्क कामगारांचा बेरोजगारीचा दर तरुणांपेक्षा कमीच असतो, मात्र नोकरी गेली की दुसरी मिळायला त्यांना अधिक काळ लागतो. सलग बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ काम न मिळणे याला दीर्घकालीन बेरोजगारी म्हणण्याचा प्रघात अनेक देशांत आहे. अमेरिकेत ती मर्यादा २७ आठवड्यांची आहे. कमी दर हा या मुदतीविषयी काहीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट मोजणीच्या व्याख्येची आहे, आणि नाशिकच्या माणसाला ती चटकन पटावी. ३.२ टक्के हा आकडा ‘नेहमीच्या स्थिती’चा आहे. त्यात मागील ३६५ दिवसांचा विचार होतो, आणि वर्षाचा बहुतेक काळ काम शोधण्यात गेला तरी दुय्यम स्वरूपाचे किमान तीस दिवसांचे काम केलेली व्यक्ती रोजगारात धरली जाते. घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी राबणाराही रोजगारातच येतो. आता श्रमिकनगरमधील एका ग्राइंडिंग ऑपरेटरची गोष्ट पाहा, ज्याचा उल्लेख मी मूळ लेखात केला होता. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्याचा कारखाना बंद पडला. दिंडोरी तालुक्यात भावाची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या छाटणीला, पुढे डिपिंगला (घड औषधात बुडवायला) आणि माल निघाला तेव्हा पॅकिंगला तो तिथे जात राहिला. दोन वेळचे जेवण आणि हातखर्चाला थोडे पैसे, एवढाच मोबदला. बाकीचे महिने तो अंबडच्या गेटा-गेटांवर अर्ज देत फिरत होता. सर्वेक्षक त्याच्या दारी गेला असता, तर या माणसाची नोंद बेरोजगार म्हणून झाली नसती. यात सर्वेक्षणाची लबाडी मुळीच नाही, व्याख्या उघडपणे छापलेली आहे. फक्त ती व्याख्या या माणसाचे दुःख मोजण्यासाठी केलेली नाही.

काही जण तर श्रमबलाच्या, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे यांच्या गणनेच्याच, बाहेर जातात. भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत पन्नाशीनंतर मुदतपूर्व निवृत्तिवेतन घेता येते, मात्र ५८ वर्षांना जितकी वर्षे कमी, त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते. गरजेपोटी ते घेतलेला आणि आता काम शोधणे सोडून दिलेला माणूस ‘पेन्शनर’ ठरतो. या योजनेचे किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, हे आपण जाणताच.

तरुण घरच्या आधारावर थांबू शकतो, स्पर्धा परीक्षांची तयारी करू शकतो, म्हणूनही त्याची बेरोजगारी आकड्यात दिसते. बापाला थांबता येत नाही. तो सुरक्षारक्षक होतो, रिक्षा घेतो. आणि बापाचा पगार थांबला की पोराची आयटीआय किंवा डिप्लोमा अर्धवट राहतो. म्हणून हे दोन प्रश्न एकमेकांविरुद्ध उभे करू नयेत, अशी माझी विनंती आहे.

नव्या तंत्राविषयीचा आपला मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लेथवर पंचवीस वर्षे घालवलेल्या माणसाला मायक्रॉनची भाषा शिकवावी लागत नाही. ड्रॉइंग वाचणे, टूल कधी बोथट झाले हे आवाजावरून ओळखणे, हे त्याच्या हातात असते. राहते ते संगणक-नियंत्रित यंत्राचे प्रोग्रॅमिंग आणि ऑफसेट घेणे, म्हणजे टूलचे माप यंत्राला कळवणे. ते शिकायला तो तयार असतो, पण दारे वयावर बंद होतात. राज्य सरकारच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत विद्यावेतन आहे, प्रत्यक्ष कारखान्यात अनुभव आहे, आणि वयाची अट १८ ते ३५ आहे. ती योजना तरुणांसाठी आहे आणि असावी. पण तशीच एखादी योजना पंचेचाळिशीतल्या माणसासाठी का असू नये? कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम मिळते, पण जास्तीत जास्त ९० दिवस आणि तीही आयुष्यात एकदाच. राज्य विम्याची वेतनमर्यादा २१,००० रुपये असल्यामुळे अनेक जुने, कुशल कामगार या योजनेच्या बाहेरच राहतात. शिवाय अमेरिकेत १९६७ पासून चाळिशीपुढच्या कामगाराला वयावरून नाकारण्याविरुद्ध कायदा आहे. आपल्याकडे खासगी नोकरीसाठी तसा कायदा नाही, त्यामुळे ‘वय ३५ पर्यंत’ असा फलक गेटवर लावायला कोणालाच संकोच वाटत नाही.

आपल्या दोन रिकाम्या जागांच्या जाहिरातीत वयाची अट आहे का, हे आपण लिहिलेले नाही. असेल, तर ती काढून पाहावी आणि एका अनुभवी टर्नरला महिनाभर पगारी चाचणीवर घ्यावे. लेखातील त्या ग्राइंडिंग ऑपरेटरने गेल्या उन्हाळ्यात स्वतःच्या पैशाने सीएनसीचा (संगणक-नियंत्रित यंत्रांचा) वर्ग पूर्ण केला आहे. आपली तयारी असेल तर तसे कळवावे. मी त्याला आपल्याकडे घेऊन येईन.