डबेवाल्यांच्या नावावर काहीही खपवू नका

मामेभावाचं भोसरीत मशिनिंगचं वर्कशॉप आहे. सध्या भरती चाललीये, त्यात त्याने एक फॉरवर्ड पाठवला, वर 'मुद्दा बरोबर आहे ना?'. मुद्दा असा: एका मुलखातली, एका भाषेची माणसंच कामावर घ्या, ज्ञान आपोआप वाटलं जातं; पुरावा म्हणून मुंबईचे डबेवाले. बायकांना शिकवू नका, लग्न झालं की शिकलेलं घेऊन जातात. आणि हे म्हणे हार्वर्डने सिद्ध केलंय.

डबेवाल्यांचं अर्धं खरं आहे. बहुतेक जण मावळ, खेड, जुन्नरकडचे, ओळखीतून आलेले. विश्वास लवकर बसतो. पण तिथे सगळे एकच काम करतात आणि डबा कुठे जायचा ते झाकणावरच्या खुणा सांगतात. वर्कशॉपात प्रत्येकाला वेगळं काहीतरी ठाऊक असतं.

अमेरिकेत कॅथरिन फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. कॉलेजातल्या एकाच मंडळातले तिघे खुनाचं कोडं सोडवत बसतात, पाच मिनिटांनी चौथा येतो. चौथाही त्यांच्यातलाच, तर बरोबर उत्तराची शक्यता २९ टक्के. बाहेरचा असेल तर ६०. आणि खात्री कोणाला जास्त? आपसातल्यांना! कॉलेजातलं कोडं म्हणजे कारखाना नव्हे, मान्य.

भाषेची अडचणही खरी. भावाकडच्या ओडिया ऑपरेटरला चिपच्या, म्हणजे कापताना निघणाऱ्या धातूच्या किसाच्या, रंगावरून कळतं इन्सर्ट (मशिनचं कापणारं पातं) कधी बदलायचा. शेजारच्या मशिनवरचा आपला पोरगा इन्सर्ट तुटेपर्यंत चालवतो आणि जॉब, म्हणजे बनत असलेला भाग, रिजेक्ट होतो. दोघांच्या चहाच्या टपऱ्या वेगळ्या. मग सेटिंग शीटवर (मशिन कसं लावायचं त्याच्या कागदावर) फोटो लावा, शिफ्ट बदलताना दोघांना दहा मिनिटं एका मशिनवर उभं करा. ओडियाला काढून काय मिळणार?

डोकं फिरलं ते बायकांच्या मुद्द्यावर. पुरुष ऑपरेटर दिवाळीचा बोनस खिशात घालून दोन हजार जास्त देणाऱ्या शेजारच्या कंपनीत जातो, तो काय शिकलेलं गेटवर जमा करून जातो? एक माणूस गेल्यावर मशिन अडत असेल तर सगळी माहिती एकाच डोक्यात ठेवणारा मालक चुकला. शिवाय बाई म्हणून भरतीत डावलणं १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून बेकायदा आहे. आयटीआय झालेल्या दोन मुलींचे अर्ज भावाच्या टेबलावर पडून आहेत. त्यांच्यातल्या एकीनेही अजून लग्नाचा विषय काढलेला नाही, याने काढला.

राहिलं हार्वर्ड. हार्वर्ड बिझनेस स्कूलची २०१० ची केस स्टडी आहे खरी, पण ती डबे वेळेवर कसे पोचतात याची. सासरी जाणाऱ्या मुलींचा त्यात काय संबंध?