रांजण चाकावर एका दमात उतरत नाही

जुन्या साठवणीच्या रांजणांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातल्या एका वाक्याला अडखळलो: "हे मोठे रांजण वेगवान चाकावर घडवले जात." कमरेइतका उंच रांजण चाकावर एका दमात ओढायला गेलं तर ओली माती स्वतःच्याच वजनाने बसते. म्हणून मातीच्या वळ्या, म्हणजे दोरीसारखे लांब गोळे, एकावर एक चढवायच्या, खालचा भाग जरा सुकून आवळला की पुढचा थर. चाक बहुतेकदा फक्त काठ सारखा करायला.

हे ओळखायला खापराचा एक्स-रे काढतात. चाकावर ओढलेल्या भांड्यात मातीतल्या बारीक पोकळ्या तिरक्या, वर चढत जाणाऱ्या दिसतात. वळ्यांच्या भांड्यात त्या आडव्या, सांध्यांच्या रांगेत. बाहेरून कितीही घोटून गुळगुळीत केलं तरी एक्स-रेत हा सांधा सहसा लपत नाही. माती कुठली, हे मात्र ०.०३ मिमी जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर कळतं.

दुसरं, "स्निग्धांश (भांड्याच्या भिंतीत मुरलेले तेला-तुपाचे अंश) सापडले नाहीत, म्हणजे रांजण रिकामे होते" हा लेखातला निष्कर्ष घाईचा वाटतो. कोरडं धान्य भिंतीत जवळपास काहीच मुरवत नाही. उलट, गळू नये म्हणून आतून मेण किंवा राळ फासली असेल तर तीच 'साठवलेला माल' म्हणून नोंदली जायची! अर्थात राळ हाच माल असल्याचंही उदाहरण आहे. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुनला इ.स.पू. १४व्या शतकाच्या अखेरीस बुडालेल्या जहाजावर शंभराहून अधिक कनानी कुंभांत (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्राचीन कनान प्रदेशातल्या मालवाहू भांड्यांत) पिस्त्याच्या प्रजातीतल्या झाडाची राळ मिळाली. तिथे ती तळाशी ढेकळांनी होती, नुसता लेप नव्हता.

तुमच्या रांजणांचे स्निग्धांश तपासायला घेतलेले नमुने काठाचे होते की बुडाचे?