शरीर आधी, उमज नंतर : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक वाचक, घणसोली’ यांस,

धोका आणि ताण यांवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : ‘शरीर आधी दचकते आणि उमज नंतर पडते, हे धादांत खोटे आहे. व्हॉट्सॲप विद्यापीठात शिकलेल्यांनी शरीरशास्त्र शिकवू नये. कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनालिन ही ताणाची संप्रेरके एकाच वाक्यात कोंबली आहेत. दीर्घकाळच्या ताणाबद्दल तर अवाक्षरही नाही.’ आक्षेपाचे स्वागतच आहे. परंतु स्वतः एकही पुरावा न देता दुसऱ्याचे विद्यापीठ काढण्याची एवढी घाई आपल्याला का झाली, हे मला समजलेले नाही.

मेंदूला धोका कळतच नाही, असे मी कोठेही म्हटलेले नाही. त्यातील कोणत्या भागाला आधी कळतो, एवढाच प्रश्न आहे. निव्वळ दचकणे तर मेंदूच्या बुंध्यातून, म्हणजे मस्तिष्कस्तंभातूनच घडते. त्यापुढचे मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले : आवाजाची वर्दी थॅलॅमस या संवेदनांच्या वाटपकेंद्रातून थेट अमिग्डाला या धोका हेरणाऱ्या भागाकडे जाते, तशीच ती मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे विचार करणाऱ्या बाहेरच्या थरातून, लांबच्या वाटेनेही जाते आणि जवळच्या वाटेने आलेली वर्दी ढोबळ असली तरी आधी पोहोचते. अमिग्डालाने शरीराची आतली कामे चालवणाऱ्या हायपोथॅलॅमसला इशारा दिला की आणीबाणीची तयारी करणारी अनुकंपी चेतासंस्था कामाला लागते, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून ॲड्रेनालिन रक्तात उतरते, ठोके वाढतात, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात आणि आतड्यांकडचे रक्त स्नायूंकडे वळते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी या तयारीचे वर्णन १९१५ मध्येच केले होते. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हते.

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायन कारखान्याच्या सुरक्षा विभागात माझी उमेदीची वर्षे गेली. गळतीचा भोंगा वाजताच हातातले काम टाकून मागे सरलेली माणसे मी पाहिली आहेत आणि ‘कुठे झाली?’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून त्यानंतर निघालेला मी ऐकला आहे. आपण असा भोंगा कधी ऐकला असता, तर ‘धादांत’ हा शब्द आपल्या हातून इतक्या सहज उमटला नसता.

कॉर्टिसॉलची सूचना मात्र रास्त आहे. ॲड्रेनालिनचा परिणाम काही सेकंदांत दिसतो. कॉर्टिसॉल हायपोथॅलॅमस, मेंदूच्या तळाची पीयूषिका ग्रंथी आणि अधिवृक्क ग्रंथी या साखळीतून येत असल्यामुळे त्याला काही मिनिटे लागतात. ते वाक्य मी तोडून लिहीन.

दीर्घकाळचा ताण हा त्या लेखाचा विषयच नव्हता. यापुढे काही लिहायचे असल्यास ते कृपया स्वतःच्या नावाने लिहावे.