स्वानंद किरकिरेंचा तिसरा पुरस्कार

इंदुरात स्वानंद किरकिरेंचा विषय निघाला की गाडी थेट गाण्यांवर जाते. साहजिकच आहे. 'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) आणि 'थ्री इडियट्स' (२००९) यांच्या गीतांना राष्ट्रीय पुरस्कार आहेत. पण तिसरा राष्ट्रीय पुरस्कार कशाचा, हे इथल्या मराठी वस्तीत, आपल्याच रामबागेत विचारून बघा. तो अभिनयाचा आहे. सहाय्यक अभिनेता, २०१८ सालचा मराठी सिनेमा 'चुंबक'. आपल्या गावच्या माणसाला मराठी भूमिकेसाठी एवढा मान मिळतो आणि त्याची साधी चर्चा होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

'चुंबक'मधला प्रसन्न बुद्धीनं मंद, कुणावरही विश्वास टाकणारा मध्यमवयीन माणूस. उसाच्या रसाचं दुकान टाकायची स्वप्नं बघणारा एक पोरगा त्याला फसवायला निघतो. असल्या भूमिकेत नट मान तिरकी करतात, शब्द ओढतात आणि प्रत्येक वाक्याला दया मागतात. थोडा वेळ खपतं, मग प्रेक्षकाला क्लृप्ती कळते आणि पात्र तिथंच संपतं. किरकिरे प्रसन्नला बिचारा होऊ देत नाहीत. समोरच्याचं बोलणं त्याला मनापासून पटतं, म्हणून ती फसवणूक बघणं आपल्यालाच जड जातं. 'थ्री ऑफ अस' या हिंदी सिनेमातला नवरा माझ्या मते त्याहून अवघड. बायको जुन्या मित्राला भेटते आहे, आपण बाजूला उभं राहायचं, दुखावलेपण दिसू द्यायचं आणि तरी खाष्ट व्हायचं नाही. ते सगळं ऐकण्यावर चालतं.

हा कान घरातला आहे. आईवडील दोघेही गाणारे, कुमार गंधर्वांकडे शिकलेले. कुमारजींचं देवास इथून हाकेच्या अंतरावर. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयानं तालीम दिली, पण घरात मराठी आणि ओटल्यावर मालवी वळणाची हिंदी, हे इंदूरनं दिलं.

आपल्या हौशी नाटकमंडळींना यातून पुष्कळ घेता येईल. इथल्या मुलांची शाळा हिंदीतली, त्यामुळे 'चाक', 'चोर', 'जाड', 'झाड' यांतले च, ज, झ हिंदीसारखे येतात, 'नव्हतं'च्या जागी 'नाही होतं' येतं. दिग्दर्शक हे शेवटच्या आठवड्यात सुधारायला जातात. तोवर वाक्य तोंडात बसलेलं असतं. मूल उच्चार सांभाळतं आणि अभिनय सुटतो. पहिल्या वाचनालाच असे शब्द पेन्सिलीनं अधोरेखित करा. आणि पात्र इंदूरचंच असेल तर कृपया काहीही सुधारू नका!

दोन-चार वाक्यांची भूमिका मिळालेला मुलगा फक्त स्वतःची वाक्यं पाठ करतो. समोरच्यानं ओळ गाळली की हा खांबासारखा उभा. त्याला आधीच्या वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्द पाठ हवेत, आणि आपण या प्रवेशात का आलो आहोत तेही माहीत हवं. एका तालमीत त्याची वाक्यं काढून घ्या आणि प्रवेश तसाच करायला लावा. न बोलताही तो ऐकताना दिसला तर भूमिका बसली. नाही दिसला तर वाक्यं परत देण्याची घाई करू नका.

'सानंद' या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना भरभरून येणारा प्रेक्षक आपल्याकडे आहे, त्याला बारकावे कळतात. मग आयोजकांना एकच मागणं: पुढच्या एकांकिका स्पर्धेत सहाय्यक भूमिकेचं बक्षीस वेगळं ठेवा, आणि रक्कम मुख्य भूमिकेइतकीच ठेवा. उत्तेजनार्थच्या यादीत ते ढकलू नका.